हौशी गोल्फपटूची मजल कोठवर?

नाशिकच्या त्र्यंबक रोडवरील ज्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिलेले आहे, परंतु ज्याला आमच्या गंगापूर रोडवरचा रिक्षावाला आणि पहाटे फिरायला निघालेला निवृत्त मामलेदार हे दोघेही अद्याप ‘गोल्फ क्लब’ याच नावाने ओळखतात, त्या मैदानावर महाराष्ट्राचा रणजी सामना चालू असताना कठड्याला टेकून उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांपैकी एकाच्याही मनात, आपण रोज चार तास सराव केला तर पुढल्या मोसमात या संघात आपली वर्णी लागेल, असा विचार चुकूनही येत नाही. वेगवान गोलंदाजाचा चेंडू फलंदाजाच्या छातीशी उसळलेला पाहिला, की पाहणाऱ्याला आपली पायरी कोणी न सांगता कळते.

तोच गृहस्थ रात्री दूरचित्रवाणीवर गोल्फ पाहू लागला, की त्याचे चित्त वेगळे बोलू लागते. चेंडू गवतावर निश्चल पडलेला आहे; तो मारण्याची घाई कोणी करीत नाही; फटका अडवायला समोर प्रतिस्पर्धी नाही; धावाधाव मुळीच नाही; आणि खेळणाऱ्यांत पोट सुटलेले, चाळिशी उलटलेले इसमही सन्मानाने वावरताना दिसतात. त्यात हा गृहस्थ स्वतः पुण्याला किंवा देवळालीच्या छावणीत महिन्यातून दोन-तीनदा खेळत असेल आणि मागल्याच रविवारी त्याचा एखादा फटका दोनशे मीटर सरळ जाऊन पडला असेल, तर विचारूच नका. तसा फटका आपण एकदा मारला, म्हणजे तो आपल्या हातात आहे. मग उरला तो केवळ सराव. आणि सरावाला वयाची अट कोठे आहे?

हा प्रश्न हास्यास्पद नाही. त्याचे उत्तर मात्र गोल्फच्या अशा काही गुणधर्मांत दडलेले आहे की जे पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

हौशी कोणास म्हणावे?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. गोल्फच्या नियमांत हौशी हा दर्जा आहे. तो कौशल्याचा दाखला नव्हे. जो ठरावीक मर्यादेपलीकडे बक्षिसाची रक्कम घेत नाही तो हौशी, मग त्याचा खेळ कितीही उच्च प्रतीचा असो. इंडियन ओपन ही आपल्याकडची प्रतिष्ठेची स्पर्धा सर्वप्रथम ज्या भारतीयाने जिंकली, ते प्रेमगोपाल ऊर्फ बिल्लू सेठी १९६५ साली हौशी होते आणि व्यावसायिकांना मागे टाकून त्यांनी ती जिंकली. अगदी अलीकडे, जानेवारी २०२४ मध्ये, निक डनलॅप या विद्यार्थीदशेतील अमेरिकन खेळाडूने तेथील व्यावसायिक दौऱ्यावरची, म्हणजे मोसमभर चालणाऱ्या स्पर्धामालिकेतली, एक स्पर्धा जिंकली, आणि हौशी असल्यामुळे त्याला विजेत्याच्या रकमेतला छदामही मिळाला नाही. फिल मिकलसनने १९९१ मध्ये केलेला तोच पराक्रम त्यानंतर कोणा हौशी खेळाडूला साधला नव्हता.

तेव्हा हौशी मनुष्य व्यावसायिकांच्या तोडीचा असू शकतो काय, या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागलेला आहे. आपल्याला विचारायचे आहे ते निराळे. पोटासाठी दुसरा उद्योग करणारा, तारुण्यात किंवा मध्यम वयात या खेळाकडे वळलेला मनुष्य केवळ चिकाटीच्या बळावर तेथवर पोहोचेल काय?

अर्ध्या सहस्रांश सेकंदाचा व्यवहार

गोल्फचा चेंडू ४२.६७ मिलिमीटरहून लहान नसावा आणि ४५.९३ ग्रॅमहून जड नसावा, असा दंडक आहे. हा एवढासा चेंडू ज्या छिद्रात घालायचा त्याचा व्यास १०८ मिलिमीटर, आणि पहिला फटका जेथून मारायचा ती जागा त्या छिद्रापासून पुष्कळदा चारशे मीटर दूर.

लांबचा फटका मारण्याची जी काठी, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती खांद्यामागे नेऊन पुन्हा खाली चेंडूवर आणायला सुमारे पाव सेकंद लागतो. आता मनुष्याच्या मज्जासंस्थेची मर्यादा लक्षात घ्या. डोळ्यांना चूक दिसणे, मेंदूने ती ओळखणे आणि स्नायूंना दुरुस्तीचा हुकूम पोहोचणे या व्यवहारालाच जवळपास एक पंचमांश सेकंद खर्ची पडतो. म्हणजे काठी खाली येऊ लागल्यावर तिचा मार्ग चुकतो आहे असे उमगले, तरी ते सुधारायला अवकाश उरलेला नसतो. चेंडू अंगावर येत असता फलंदाज निदान त्याच्याकडे पाहून आपली हालचाल ठरवतो. गोल्फपटूला संपूर्ण हालचाल आधीच अंगात मुरवून ठेवावी लागते आणि मग ती डोळे झाकून सोडून द्यावी लागते. चेंडू निश्चल आहे ही सोय वाटते खरी. प्रत्यक्षात त्या निश्चलतेमुळे झालेल्या चुकीचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही, एवढाच तिचा अर्थ.

काठीचे तोंड आणि चेंडू यांची गाठ पडते ती सेकंदाच्या सुमारे अर्ध्या सहस्रांश भागापुरती. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यत्वेकरून त्या क्षणी काठीचे तोंड कोणीकडे वळले होते यावर ठरते. ते एका अंशाने तिरपे असेल तर अडीचशे मीटरांवर चेंडू चार मीटरांहून अधिक बाजूला जातो. तीन अंशांनी असेल तर तेरा मीटर, आणि तिरप्या तोंडामुळे चेंडूला जी फिरकी मिळते तिने तो आणखी वळत जातो, तो हिशेब निराळाच. फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा जो राजमार्ग, तो मध्यापासून दोन्ही बाजूंना पंधरा-वीस मीटरच असतो. तीन अंशांचा कोन कागदावर काढून पाहिला तर दोन रेषा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, आणि तेवढ्यावर चेंडू झाडीत जातो.

यातच वेगाची बाब येते. अमेरिकेच्या दौऱ्यावरील व्यावसायिकाच्या ड्रायव्हरचे टोक ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने फिरते, तर सामान्य हौशी पुरुषाचे १५० च्या आसपास. वेग वाढला की अंतर वाढते, आणि अंतर वाढले की त्याच एका अंशाची शिक्षाही वाढते. म्हणजे व्यावसायिकाला अधिक जोराने मारायचे असते आणि शिवाय अधिक सरळही.

एक भाकरी आणि शंभर भाकऱ्या

आपल्यापैकी कोणीही, आठ दिवस प्रयत्न केल्यावर, एखादी भाकरी अशी थापतो की ती तव्यावर टम्म फुगते. परंतु खानावळीत शंभर भाकऱ्या करणाऱ्या बाईची शंभरावी भाकरीदेखील पहिल्यासारखीच उतरते, पीठ जरा जुने असले, चूल धुरकट असली आणि बाहेर गिऱ्हाईक ओरडत असले तरीही. हौशी आणि व्यावसायिक यांच्यातील तफावत ही या जातीची आहे. हौशी मनुष्य आपल्या उत्तम फटक्यावरून स्वतःची पारख करतो. स्पर्धा मात्र त्याच्या वाईट फटक्यांचा हिशेब मागते.

थोडे गणित करू. समजा, एखादा चांगला हौशी खेळाडू मैदानावरील सर्व छिद्रांच्या एका फेरीत सरासरीने ७६ फटके घेतो, आणि त्याचा दिवस असला की ७० वर येतो. असा दिवस वीस फेऱ्यांतून एकदा उगवतो असे धरू. व्यावसायिक स्पर्धा सामान्यतः चार दिवसांची असते. लागोपाठ चार दिवस सत्तरच्या आत-बाहेर राहण्याची त्याची शक्यता वीस गुणिले वीस गुणिले वीस गुणिले वीस यांत एक, म्हणजे एक लाख साठ हजारांत एक. ज्याची नेहमीचीच सरासरी सत्तर आहे त्याला मात्र यासाठी कोणताही चमत्कार लागत नाही. दोघांनी एका रविवारी जोडीने खेळून सत्तर-सत्तर फटक्यांत फेरी संपवली, तर क्लबाच्या ओसरीवर चहा पिताना दोघे बरोबरीचे भासतील. आणि येथेच नजर फसते.

कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी अमेरिकन दौऱ्यावरील फटक्यान् फटक्याची नोंद तपासून हा हिशेब अधिक सूक्ष्म केला. सामान्य समजूत अशी की व्यावसायिक जिंकतात ते ग्रीनवर, म्हणजे छिद्राभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू घरंगळवण्याच्या कसबामुळे. आकडे मात्र सांगतात की जगातले अव्वल व्यावसायिकही आठ फुटांवरून दोनांपैकी एकदाच चेंडू छिद्रात घालतात, आणि वीस फुटांवरून शंभरात पंधराच्या सुमारास. दोन दर्जांच्या खेळाडूंमध्ये जे अंतर पडते त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांत पडतो. घरच्या दिवाणखान्यात गालिच्यावर पेला आडवा ठेवून सराव करणाऱ्या हौशी मंडळींना ही वार्ता फारशी सुखावह नाही.

> चौकट: हॅन्डिकॅप फसवतो तो कसा?
>
> हॅन्डिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत. जगभर २०२० पासून लागू झालेल्या पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम अशा आठ फेऱ्यांची सरासरी त्यासाठी घेतात. मैदान सोपे की अवघड याचाही त्यात विचार होतो. अर्थात हा आकडा तुमची नित्याची योग्यता सांगत नाही, तुमच्या चांगल्या दिवसांची सांगतो. ज्याचा हॅन्डिकॅप शून्य, त्याला ‘स्क्रॅच’ खेळाडू म्हणतात, आणि क्लबात त्याच्याकडे आदराने पाहिले जाते. परंतु दौऱ्यावरील व्यावसायिक या शून्याच्याही पलीकडे एका फेरीस चार-सहा फटक्यांनी पुढे असतो. चार फेऱ्यांत ही तफावत वीसच्या घरात जाते. शिवाय व्यावसायिकांचे मैदान लांब, कडेचे गवत वाढवलेले आणि छिद्र ग्रीनच्या अवघड कोपऱ्यात.

चांदवडचा दत्तू आणि पाण्यावरची वाट

येथे कोणी नाशिककर हटकून विचारील, की आपल्याच जिल्ह्यातील दत्तू भोकनळ याने काय केले मग? चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या अवर्षणग्रस्त गावचा हा मुलगा, विहिरी खणण्याची मजुरी केलेला, २०१२ साली लष्करात भरती झाला तोवर त्याने शर्यतीची होडी पाहिलेली नव्हती. वल्हे हाती आले तेव्हा वय एकवीस. चारच वर्षांनी, २०१६ मध्ये, तो रिओ येथील ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात उतरला आणि तेरावा आला. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत चौघांच्या होडीत त्याने सुवर्णपदक मिळवले. एकविसाव्या वर्षी आरंभ करून जर पाण्यावर हे घडते, तर गवतावर का घडू नये?

उत्तर त्या दोन खेळांच्या घडणीत आहे. नौकानयनात सर्वांत मोठा वाटा शरीराच्या यंत्राचा: उंची, हातांची लांबी, हृदय आणि फुप्फुसे यांची प्राणवायू पुरवण्याची ताकद, असह्य वेदना सोसून सहा-सात मिनिटे जोर टिकवण्याची धमक. यातील काही जन्मतः मिळते, काही कष्टाच्या बालपणाने घडते. वल्हे मारण्याचे तंत्र कठीण आहे, यात शंका नाही. परंतु ती एकच क्रिया आहे, तीच शेकडो वेळा पुन्हा करायची असते, आणि ती करताना प्रशिक्षक काठावरून सायकलीने बरोबर येऊन दुरुस्ती सांगू शकतो. तयार शरीर हाताशी असले की तंत्र त्यावर काही वर्षांत चढवता येते.

गोल्फमध्ये उलटे आहे. पिशवीत चौदा काठ्यांपर्यंत परवानगी, प्रत्येकीची लांबी आणि तोंडाचा कोन निराळा. चेंडू कधी उतारावर, कधी वाळूच्या खड्ड्यात, कधी ओल्या गवतात रुतलेला. एका फेरीत तोच फटका पुन्हा मारण्याचा प्रसंग क्वचितच येतो. येथे यंत्रापेक्षा हुन्नर वरचढ आहे, आणि पाव सेकंदाच्या क्रियेचा हुन्नर अंगात भिनवण्यासाठी बालपणाइतका अनुकूल काळ दुसरा नाही. बेंगळुरूच्या अदिती अशोकने पाचव्या वर्षी काठी धरली. सतराव्या वर्षी, २०१६ च्या आरंभी, ती व्यावसायिक झाली. आणि टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये चौथी आली. व्यवसायात प्रवेश करतानाच तिच्या पाठीशी बारा वर्षांचा संस्कार होता, आणि तोही अशा वयातला की ज्यात कचेरीची वेळ पाळावी लागत नाही.

दहा हजार तासांची कथा

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांविषयीचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात सर्वोत्तम गणल्या गेलेल्या विद्यार्थ्यांचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकांतातील सराव सरासरीने दहा हजार तासांच्या घरात गेल्याचे दिसले. पुढे २००८ साली माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकाने या आकड्याला सूत्राची प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि दहा हजार तास भरले की कोणीही कशातही निष्णात होतो, अशी वदंता जगभर पसरली. स्वतः एरिक्सन यांना तो अर्थ मान्य नव्हता. त्यांचा भर तासांवर नव्हता. विशिष्ट उणीव हेरून, तिच्यावर नेमका प्रयत्न करून, लगेच दुरुस्ती मिळवण्याच्या सरावावर होता. टोपलीभर चेंडू एकाच काठीने एकाच चटईवरून मारून घाम पुसणे हा व्यायाम आहे. त्याला सराव म्हणणे धाडसाचे.

या वदंतेची परीक्षा पोर्टलंड येथील डॅन मॅक्लॉफ्लिन नावाच्या छायाचित्रकाराने स्वतःवर घेतली. तिशीत असलेल्या आणि गोल्फचा गंधही नसलेल्या या गृहस्थाने एप्रिल २०१० मध्ये नोकरी सोडली आणि दहा हजार तास पुरे करून व्यावसायिक दौऱ्यावर जायचा संकल्प सोडला. आरंभ त्याने छिद्रापासून अवघ्या काही फुटांवर केला आणि ते साधल्यावर हळूहळू मागे सरकत गेला. पुरी पिशवी हाती यायला त्याला बराच काळ लागला. सुमारे सहा हजार तास झाल्यावर, २०१५ मध्ये, पाठीच्या दुखण्याने त्याला थांबवले. तोवर त्याचा उत्तम हॅन्डिकॅप २.६ होता. जगातल्या बहुतांश हौशी खेळाडूंना हेवा वाटावा असा हा आकडा. आणि व्यावसायिकांच्या खातेवहीत मात्र त्याची नोंदही होऊ नये, एवढा दूर.

मला या उद्योगाची थट्टा करवत नाही. त्याने जे सिद्ध केले ते दोन्ही बाजूंचे आहे: तिशीतला मनुष्य पाच वर्षांत किती उंच चढू शकतो हे, आणि चढण शेवटी शेवटी किती उभी होते हेही. पहिल्या वर्षात वीस फटके कमी होतात. पुढले पाच कमी व्हायला तितकाच काळ लागतो. आणि अखेरचे दोन कदाचित कधीच होत नाहीत. ब्रुक मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अनेक अभ्यासांचा एकत्र ताळेबंद मांडला, त्यात क्रीडेतील खेळाडूंमधल्या फरकाचा केवळ १८ टक्के भाग सरावाने उलगडत होता. दोन वर्षांनी त्यांनी उच्च दर्जाच्या खेळाडूंपुरताच हिशेब केला, तेव्हा तो भाग एक टक्क्यावर आला. याचा अर्थ सराव निरर्थक असा कोणी काढू नये. त्या शिखरावर सर्वांनीच अतोनात सराव केलेला असतो. म्हणून तेथे पुढे कोण आणि मागे कोण, हे दुसऱ्याच गोष्टी ठरवतात.

ज्याला आठवड्यातून दहा तासच मिळतात त्याचे दहा हजार तास भरायला एकोणीस वर्षांहून अधिक काळ लागतो. चाळिसाव्या वर्षी आरंभ केला तर साठी समोर दिसू लागते.

उशिरा आलेले, तरी पोहोचलेले

नियमाला अपवाद आहेत, आणि ते लहानसहान नाहीत. लॅरी नेल्सन व्हिएतनामच्या युद्धातून परतल्यावर एकविसाव्या वर्षी गोल्फकडे वळला, आणि पुढे १९८१, १९८३ व १९८७ या वर्षी त्याने जगातील तीन सर्वोच्च स्पर्धा जिंकल्या. केल्विन पीट तेविसाव्या वर्षी शिकू लागला. लहानपणी मोडलेला त्याचा डावा हात पुरता सरळ होत नसे, आणि सरळ डावा हात हा तर या खेळातला पहिला धडा. तरीही अमेरिकन दौऱ्यावर त्याने बारा स्पर्धा जिंकल्या आणि ड्रायव्हरच्या अचूकपणात वर्षानुवर्षे तोच अव्वल राहिला.

जे सिगेल यांची कथा आमच्या चाळिशीतल्या मंडळींना अधिक जवळची वाटेल. विम्याचा व्यवसाय सांभाळून ते हौशी म्हणूनच खेळत राहिले आणि पन्नाशी गाठल्यावर ज्येष्ठांच्या व्यावसायिक दौऱ्यावर उतरून त्यांनी आठ स्पर्धा जिंकल्या. मात्र १९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेचे हौशी विजेतेपद त्यांच्याच नावावर होते, हा तपशील त्यांचा दाखला देणारे सहसा गाळतात.

भिंतीच्या आतले आणि बाहेरचे

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे सधन हौशी खेळाडूपेक्षा त्याची पिशवी वाहणारा कॅडीच व्यावसायिक होण्याचा संभव पुष्कळ काळ अधिक राहिला. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता. शिवशंकर प्रसाद चौरासिया याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळीची निगा राखीत; तेथेच वाढलेल्या या मुलाने २००८ मध्ये युरोपीय दौऱ्यावरील स्पर्धा जिंकली, आणि २०१६ व २०१७ मध्ये इंडियन ओपन. तो लांब मारणारा नव्हे. हिरवळीच्या आसपासचे त्याचे कसब अद्भुत.

मुंबईत चेंबूरला, बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाच्या शेजारच्या वस्तीतील कॅडींनी बांधकामाच्या लोखंडी सळया वाकवून काठ्या बनवल्या आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत स्वतःचा खेळ मांडला. दोन घरांच्या फटीतून, नाल्यावरून, पत्र्याला न लागता चेंडू काढायचा, तर एका अंशाची चूक तेथे कोणी माफ करीत नाही. कॅडीला जे मिळते ते पैशाने विकत घेता येत नाही: दिवसभर निरनिराळ्या हातांचे शेकडो फटके पाहणे, कोणत्या हिरवळीचा उतार कोणीकडे हे पायांनी ओळखणे, आणि हे सर्व कोवळ्या वयात. त्याला जे मिळत नाही ते म्हणजे प्रवासखर्च, आहार आणि हरण्याची ऐपत. सधन हौशी मनुष्याजवळ नेमके तेवढेच असते. या दोघांची शिदोरी एकाच्या पदरी पडण्याचे योग आपल्याकडे थोडे.

दरवाजा उघडा आहे

तत्त्वतः मार्ग सर्वांना मोकळा आहे. २००६ साली स्थापन झालेल्या प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडियाची पात्रता स्पर्धा असते. प्राथमिक टप्पा, मग अंतिम टप्पा, आणि त्यातून वर आलेल्यांनाच मोसमभर खेळण्याचा हक्क. तो हक्क मिळाल्यावरही दोन दिवसांनंतर कापणी होते, आणि खालच्या यादीतल्यांना बक्षिसाची रक्कम न घेता घरचा रस्ता धरावा लागतो. गाडीभाडे आणि कॅडीची मजुरी मात्र सुटत नाही. मराठी वाचकांना परिचित असलेला उदयन माने हौशी म्हणून भारताकडून खेळला, २०१५ मध्ये व्यावसायिक झाला, देशातील दौऱ्यावर अनेक स्पर्धा जिंकला. टोकियोच्या ऑलिंपिकमधील साठ जणांत त्याला जागा मिळाली ती अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतल्यावर; जागतिक क्रमवारीत तो तेव्हा साडेतीनशेच्या आसपास होता. देशातील अग्रगण्य खेळाडूची ही स्थिती असेल, तर रविवारच्या खेळाडूने स्वतःला कोठे मांडावे?

ज्याला खरोखरच अजमावायचे असेल त्याने एक तजवीज करावी. आपल्या नेहमीच्या मैदानावर नव्हे, तर परक्या आणि लांब मैदानावर, सर्वांत मागल्या खुणांपासून, लागोपाठ चार दिवस खेळावे. सहकाऱ्याने दिलदारपणे सोडलेला दोन फुटांचा फटकाही स्वतः मारावा. पहिला फटका बिघडला म्हणून दुसरा चेंडू ठेवू नये. आणि चारही दिवसांचे फटके प्रामाणिकपणे लिहून काढावेत. वय विशीच्या आत असेल आणि बेरीज चार वेळच्या पारच्या, म्हणजे तज्ज्ञ खेळाडूकडून अपेक्षित फटक्यांच्या, खाली असेल, तर घरच्यांशी बोलायला हरकत नाही. वय चाळीस आणि बेरीज तीस-चाळीस फटके वर असेल, तरीही पात्रता स्पर्धेचे शुल्क भरण्यास कोणाची मनाई नाही. इतके मात्र ध्यानात ठेवावे, की एकदा व्यावसायिक म्हणून खेळल्यावर पुन्हा हौशी व्हायचे तर भारतीय गोल्फ संघटनेकडे रीतसर अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जाची मुदत भरेपर्यंत आपल्याच क्लबाच्या हौशी चषकालाही त्या अर्जदाराला मुकावे लागते.